पाणी चालेल असा हात

आमच्या ह्यांनी जावई एका चहात पसंत केला. मुलगा समोर बसला, त्यानं कप बशीत न वाजवता ठेवला, आणि हे आत येऊन मला म्हणाले, "बरा आहे. होकार कळवून टाकू." मी अजून पोह्यांवर खोबरं पेरत होते. आणि हाच माणूस स्वतःसाठी एक हात पसंत करायला निघाला, तर पावसाळा संपून दिवाळी तोंडावर आली तरी म्हणत होता, "बघू. घाई काय आहे?"

घाई होती. मार्गशीर्षात लग्न होतं आणि कन्यादानाला दोन हात लागतात.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मी वहीत चार ओळी लिहिते. भाजी काय केली, उपास कुठला, कोण आलं, कोण न सांगता गेलं, एवढंच असतं त्यात. त्या वर्षी मात्र पानोपानी हात आणि हात. कुणी वही उघडली असती तर त्याला वाटलं असतं, ही बाई हस्तरेषा शिकतेय.

ह्यांचं नाव रंगनाथ. मूळचे परभणीकडचे. लग्नाआधीच पुण्याला आले आणि भोसरीत प्रेसवर लागले. पत्र्याचे भाग दाबून काढायचं ते मशीन. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, देवावर विश्वास जेमतेम, पण माझ्या देवांना कधी आडवा गेला नाही. दोष एकच, वस्तू विकत घेता येत नाही. छताचा पंखा घ्यायचा ठरला तेव्हा आम्ही दोन उन्हाळे पुठ्ठ्यानं वारा घेतला. मिक्सर घेताना दुकानदाराला विचारलं, "ह्याच्या भांड्याचं झाकण हरवलं तर नुसतं झाकण मिळतं का?" तो म्हणाला, "काका, अजून मिक्सर तर घ्या." त्यावर हे म्हणाले, "झाकण मिळत नसेल तर मिक्सर घेऊन करू काय?" आणि परत आले. मी आणखी सहा महिने पाट्यावर वाटलं.

मधल्या काळात पुण्याच्या आसपास नव्या गाड्यांचे कारखाने आले. भोसरीतल्या लहान शेडनाही रात्रंदिवस काम मिळायला लागलं. माल लवकर निघावा म्हणून ह्यांच्या शेठनं मशीनपुढची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. जाळी असली की हात आत जायला वेळ लागतो. नसली की लागत नाही. ह्यांचा उजवा हात गेला, कोपराखाली वीतभर उरलं. आमची मुलगी पूर्वा तेव्हा बालवाडीत होती.

शेठनं नुकसानभरपाईऐवजी एक समारंभ केला. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, ह्यांना हार घातला आणि एक रबरी हात भेट दिला. नुसता दाखवायचा हात. बोटं हलत नाहीत, काही धरता येत नाही, रंग एखाद्या गोऱ्या साहेबाचा. फोटोसाठी शेठनं तो हात हातात घेऊन हलवला. घरी आल्यावर हे म्हणाले, "हात त्यानंच दिला आणि शेकहँडही त्याच्याशीच केला. मी मधे उगाच उभा होतो." त्याच संध्याकाळी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून तो माळ्यावर गेला. पुन्हा त्याचं नाव घरात निघालं नाही.

डाव्या हातानं लिहायला हे पूर्वाबरोबर शिकले. एकच पाटी. वरच्या अर्ध्यात ती क काढायची, खालच्या अर्ध्यात हे. बाई शाळेत विचारायच्या, "खालचं अक्षर कुणाचं गं, धाकट्या भावाचं का?" ती सांगायची, "बाबांचं. अजून त्यांचं वळण बसलं नाही." आजही दोघांचा क सारखाच पोटात गेलेला आहे. ती हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करते, त्यामुळे तिचा कुणाला दिसत नाही. ह्यांचा मात्र सोसायटीच्या सूचनाफलकावर रोज दिसतो, कारण कारखाना सुटल्यापासून वारज्याच्या आमच्या सोसायटीचं ऑफिस हेच बघतात.

तर लग्न ठरलं आणि आठवड्यात परभणीहून थोरल्या भावजींचा फोन आला. नागोराव भावजी मनानं वाईट नाहीत, पण दुसऱ्याच्या घरातला मान त्यांना लांबून दिसतो.

"रंगा, कन्यादानाचं काय करायलास तू?"

"काय करायचंय? बसणार."

"एका हातानं कसा बसतोस? ओंजळ लागते. संकल्प उजव्या हातानं असतो. हट्ट करू नको. आम्ही दोघं बसतो की. आनंदीनं लुगडं पण काढून ठेवलंय."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन रुमाल वाळत घातला. तो आधीच वाळलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेले. गुरुजी समजूतदार आहेत. म्हणाले, "वहिनी, वधूपित्याची ओंजळ वर, खाली मुलीची आणि जावयाची, त्याखाली काशाचं भांडं. मुलीच्या आईनं वरून पाण्याची धार धरायची, ती मधे तुटू द्यायची नाही. रंगनाथरावांचा डावा आणि तुमचा उजवा, अशी मिळून ओंजळ केली तरी देव रागावणार नाही. फक्त मग धार दुसऱ्या कुणीतरी धरावी लागेल. जाऊबाई आहेत ना तुमच्या?"

जाऊबाई आहेत. त्यांनी लुगडंसुद्धा काढून ठेवलंय.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "ओंजळ माझी पाहिजे. अर्धी उसनी नको." मला बरं वाटलं. एकदा तरी ह्या माणसाला काय पाहिजे ते ठाऊक आहे, असं वाटलं. त्या संध्याकाळी मी तुळजाभवानीला नवस बोलले, की ह्यांना हात मिळू दे, मी तुला चांदीचा हात वाहीन. तो चांदीचा हात मी सराफाकडून लगेच घेऊनही आले, म्हणजे देवीला वाटायला नको की ही बोलून विसरली. हे म्हणाले, "तुझं बरं आहे. एका मिनिटात पसंत केलास. चार्जिंग नाही, दुरुस्ती नाही."

पूर्वानं सगळं मनावर घेतलं. तिनं कॉम्प्युटरवर हातांचा तक्ता केला. एका बाजूला दाखवायचे हात. मधे दोरीचे, म्हणजे खांद्याला पट्टा असतो आणि खांदा पुढे नेला की चिमटा उघडतो. आणि शेवटी बॅटरीचे. त्यात उरलेल्या हाताला दोन चकत्या चिकटतात, आतला स्नायू आवळला की त्यांना कळतं आणि मोटरनं बोटं मिटतात. पाची बोटं वेगवेगळी हलतात. पूर्वाचं मन त्या बॅटरीच्या काळ्या हातावर बसलं. "बाबा, हा बेस्ट आहे. अंडं पण उचलतो, फुटत नाही."

हे म्हणाले, "आपण अंडी खात नाही."

कोथरूडला एक केंद्र आहे, तिथं आमच्या खेपा सुरू झाल्या. नम्रता नावाची एक मुलगी हात बसवून दाखवायची. फार गुणी मुलगी. माझ्या ओळखीत ह्यांच्यावर न चिडलेली ती एकटीच. हे घरून पिशवी भरून न्यायचे. नारळ, काडेपेटी, वाटी, माझ्या पूजेची पळी. दुकानात बूट घालून बघतात तसं हे नारळ धरून बघायचे.

"काका, आता स्नायू आवळा. मूठ मिटतोय असं मनात आणा."

"मी मनात आणलं. त्याच्या मनात येत नाही."

"सावकाश. घाई नको."

हे शब्द तिनं उच्चारायला नको होते. ह्यांना आयुष्यभर हे सांगणारं कुणीतरी हवंच होतं.

मग प्रश्न सुरू. "समज, बसमध्ये मी दांडा धरलाय आणि चार्जिंग संपलं. तर?"

"हात आहे तसाच राहील, काका."

"म्हणजे मला वारज्याला उतरायचं असलं तरी डेपोपर्यंत जायचं."

"दुसऱ्या हातानं सोडवता येतो की."

"दुसऱ्या हातात भाजी आहे."

नम्रता हसली. मी हसले नाही, कारण घरी कुकर लावून यायचं विसरले होते आणि दोन वाजले होते.

"दुरुस्ती कुठं?"

"किरकोळ इथंच. मोठं काही असलं तर कंपनीकडे, जर्मनीला."

"एक हात भोसरीत गेला, दुसरा जर्मनीला जाणार. त्याचा पासपोर्ट वेगळा काढायचा की माझ्यावर चालेल?"

"बाबा, प्लीज," पूर्वा म्हणाली.

आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, हमखास, "पाणी चालतं का?"

"थोडे शिंतोडे चालतील. नळाखाली नको."

"हं," म्हणायचे आणि पिशवीत नारळ भरायचे. हाच प्रश्न कोथरूडला विचारला, टिळक रस्त्यावरच्या दुसऱ्या केंद्रात विचारला, मुंबईहून फोनवर बोलणाऱ्या माणसालाही विचारला. बॅटरीचा हात दाखवला की पाणी चालतं का. दोरीचा दाखवला तर त्याला पाणी चालायचं, पण तो म्हणजे लोखंडी चिमटा. तो बघून म्हणाले, "ह्यानं पापड भाजता येतील." एकदा रिक्षात मी वैतागून म्हटलंच, "अहो, तो हात आहे. पोहरा नाही. सारखं पाणी काय?"

"विचारून ठेवलेलं बरं," म्हणाले.

गणपती झाले. नवरात्र झालं. पत्रिका छापून आल्या. पत्रिकेतही ह्यांनी चूक काढली आणि ती खरोखरच चूक निघाली, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. हात मात्र ठरेना. मी मंगळवारचा उपास शुक्रवारीही धरायला लागले. शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्वा ऑफिसातून थेट केंद्रात गेली आणि काळा हात सांगून आली. पैसे तिचे, हप्ते तिचे. घरी येऊन म्हणाली, "बाबा, झालं. डिसिजन माझा. ब्लेम पण माझ्यावर टाका."

मला वाटलं, हे रागावतील. म्हणाले, "पाण्याचं विचारलंस?"

"वरून ग्लव्ह चढवतात म्हणे. होईल काहीतरी."

"होईल," म्हणाले. मुलीनं आपल्या पगारातून बापाला हात घेतला, त्यावर बाप आणखी काय म्हणणार.

हात आला. दिसायला देखणा, खरंच. ह्यांनी सराव असा केला की मी थक्क झाले. सकाळी चहाआधी मूठ मिटणं, उघडणं. सुपारी उचलणं. अक्षता पडू न देता धरणं. दिवाळीत माझी पळी त्या हातात धरून तांब्यात बुडवल्यासारखं केलं, बुडवली नाही. सोसायटीत लोक बघायला यायचे. हे त्यांना बोटं एकेक करून मिटून दाखवायचे, आणि करंगळी जरा मागे राहते, हेही सांगायचे. विकत घेतलेल्या वस्तूचा दोष सांगितल्याशिवाय ह्यांना ती आपली वाटत नाही.

मी भावजींना फोन करून सांगितलं, "उजवा हात आलाय. आता काळजी नको." पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. तरी लुगडं घेऊनच येते."

लग्नाच्या चार दिवस आधी दोघं आले. मी ठरवलं, त्या दोघांच्या देखतच एकदा सगळं करून दाखवावं, म्हणजे शंका फिटेल. पाट मांडला. पूर्वाला खाली बसवलं. खाली परात, हातात माझ्या तांब्या. हे सोवळं नेसून काळा हात घालून बसले, आणि मी तांब्या उचलणार इतक्यात म्हणाले, "थांब."

खिशातून, म्हणजे सोवळ्याला खिसा नसतो, कनवटीतून, त्यांनी दुधाची रिकामी पिशवी काढली. धुऊन, वाळवून, घडी घातलेली. ती त्या हातावर चढवली आणि मनगटाला रबरबँड लावला.

भावजी वाकून बघायला लागले.

"नम्रताला फोन केला होता," हे म्हणाले. "ग्लव्ह मनगटापर्यंतच असतो. धरलेली धार सांध्यातून आत जाते. हात जातो."

"रंगा," भावजी म्हणाले, "दुधाच्या पिशवीत कन्यादान करायलास?"

"गाईचं आहे," हे म्हणाले. पिशवीवर तसं छापलेलं होतं.

मी तांब्या उचलला. करणार काय. प्लॅस्टिकवर पाणी ठरत नाही. डाव्या आणि उजव्या हाताच्या मधे ती पिशवी घसरली, धार तिच्यावरून उडून पूर्वाच्या कपाळावर गेली, उरलेली रबरबँडखालून आत. आणि तो हात आपोआप उघडायला-मिटायला लागला. आत पाण्यानं भरलेली पिशवी, तिच्यात उघडझाप करणारी काळी बोटं. "काढा, काढा," पूर्वा ओरडली. हात काढला, पुसला, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवला. फोनवर नम्रता पहिल्यांदाच ह्यांच्यावर चिडली. हात वाचला.

माझा मात्र बांध सुटला. "इतके महिने नारळ उचलले, काडेपेट्या उचलल्या, जर्मनीपर्यंत चौकशी केली. आणि पाण्याचं कुणाला सुचू नये?"

हे टॉवेलनं सोवळं टिपत होते. म्हणाले, "मी सगळीकडे तेच तर विचारत होतो."

"मग कशासाठी ते सांगायचं होतं."

"धार कोण धरणार आहे? तू. मला वाटलं, तुला माहीत असेल."

ह्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही, कारण हा भांडतच नाही. मी स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ जाऊबाई आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सुशीला, जिवाला लावून घेऊ नको. मी धरते धार. माझा हात कापत नाही." त्यांचं लुगडं खरंच छान होतं, मोरपंखी.

भावजी बाहेर ह्यांना समजावत होते, की मान मोठ्या भावाचा असला तरी आशीर्वाद तुझाच. हे ऐकत होते. मला आता तिथं थांबवेना. मी बाहेर येऊन म्हटलं, "कन्यादानाला कुणीही बसलं तरी काशाचं भांडं लागणारच आहे. ते माळ्यावर आहे. तेवढं तरी काढा."

हे स्टुलावर चढले. वर खडखड झाली. भांडं खाली आलं, मी घेतलं. हे मात्र खाली येईनात. अर्धं अंग माळ्यात, अर्धं बाहेर. मी म्हटलं, "आता वर काय पंखे निवडताय का?"

उतरले ते काखेत एक मिठाईचं खोकं घेऊन. त्यावरची धूळ फुंकली आणि टेबलावर ठेवून उघडलं. शेठनं दिलेला रबरी हात.

इतक्या वर्षांत तो पिवळट पडला होता, जुन्या फ्रिजच्या दारासारखा. अंगठ्याजवळ एक बारीक चीर. पण बोटं तशीच, जरा आत वळलेली, एकमेकांना चिकटून. काही न धरणारा हात. पालथा पडला होता. ह्यांनी तो उताणा केला, आणि मला एकदम दिसलं. ती अर्धी ओंजळ होती. कारखान्यात कुणी साचा केला असेल त्याला कन्यादान माहीत असणं शक्य नाही, पण त्यानं माणसाचा रिकामा हात असतो तसा केला होता. रिकामा हात असाच असतो.

"पाणी घाल," हे म्हणाले.

मी तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या तळव्यात ओतलं. राहिलं. खाली टेबलावर एक थेंब नाही.

"ह्याचं मी घरात नावही निघू देत नव्हतो," हे म्हणाले. मग त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि तो बसवून बघितला. मधल्या वर्षांत हे वाळलेत, त्यामुळे आत पायमोजा घालावा लागला.

भावजी जवळ येऊन बघत राहिले. "रंग जमत नाही," म्हणाले. त्यांना शेवटचं काहीतरी म्हणायचं होतं.

रंगाचं हळदीच्या दिवशी जमलं. पूर्वाला लावून उरलेली हळद मी ह्यांच्या डाव्या हाताला लावली, आणि मग उजव्याही. कातडीवरची हळद दोन दिवसांत उतरते. रबरात ती अशी मुरली की आजतागायत गेलेली नाही. लग्नाच्या सकाळी दोन्ही हात सारखेच पिवळे होते.

कार्यालयात गुरुजींनी हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पाट पुढे सरकवला. शहाणा माणूस. हे पाटावर बसले. वर ह्यांची ओंजळ, खाली पूर्वाची आणि जावई दिग्विजयरावांची, त्याखाली काशाचं भांडं. मी तांब्या उचलला. गुरुजी म्हणाले, "वहिनी, धार तुटू देऊ नका." माझे डोळे भरून आले होते. तशात धार नीट दिसेना, म्हणून मी डोळ्यांना सांगितलं, आता नाही, नंतर.

पाणी पडत होतं. मंत्र चालू होते. पूर्वा मान खाली घालून हळूच म्हणाली, "बाबा, डावीकडून गळतंय."

"तो माझाच आहे, गळणारच," हे ओठ न हलवता म्हणाले. "उजवा बघ. एक थेंब नाही."

ती हसली. नवऱ्या मुलीनं त्या वेळी हसू नये म्हणतात. गुरुजींनी मंत्र जरा मोठ्यानं म्हटला. मी धार तुटू दिली नाही. ह्यांनी शेवटी दोन्ही हात कलते केले, पाणी मुलीच्या हातात गेलं, आणि झालं. जाऊबाई माझ्या मागे मोरपंखी लुगड्यात उभ्या होत्या. त्यांनीच पदरानं माझा चेहरा पुसला. मी पुसू दिला.

जेवणाच्या वेळी हे आत जाऊन काळा हात घालून आले. व्याह्यांशी शेकहँड केला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. विचारलं तर म्हणाले, चार्जिंगचा दोष. मला तसं वाटत नाही. व्याही कौतुकानं म्हणाले, "वा. आणि मघाचा कन्यादानाचा हात? तो कुठल्या देशाचा?"

"भोसरीचा," हे म्हणाले.

आता कपाटात दोन हात आहेत, एक काळा, एक पिवळा. मला वाटलं होतं, लग्न झालं की हा विषय संपेल. उलट आता रोज सकाळी आहे. बँकेत जायचं तर काळा, कारण सही करताना कागद धरून ठेवतो. झाडांना पाणी घालायचं तर पिवळा. देवळात काळा नेला तर तीर्थ घेता येत नाही, पिवळा नेला तर चप्पल उचलता येत नाही. हे कपाटासमोर उभे राहतात. मी खाली रिक्षा थांबवून उभी असते. रिक्षावाला मीटर पाडून विचारतो, "साहेब विसरले का काही?" मी म्हणते, "विसरले नाहीत. ठरवतायत."

फेडायचा नवस राहिला होता, म्हणून माघात आम्ही तुळजापूरला गेलो. मी देवीपुढे चांदीचा हात ठेवला. पुजाऱ्यांनी तो उचलून पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणता हात मिळाला म्हणून वाहताय? सांगा, तसं देवीला सांगतो."

मागे रांग लागलेली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे विचार करायला लागले.

"बघू," म्हणाले.

मी पुजाऱ्यांच्या हातातून कुंकू घेतलं, देवीला म्हटलं, आई, तुला माहीतच आहे, आणि ह्यांना डाव्या हाताला धरून बाहेर आणलं.